खुशालीचा फोन

आमच्या भोकरच्या घरी त्या काळी फोन नव्हता. गल्लीच्या तोंडाशी एक किराणा दुकान होते. त्या दुकानात गल्ल्याशेजारी एक काळा फोन असे. तोच आमच्या सगळ्या गल्लीचा 'पी. पी. नंबर' होता. पी. पी. नंबर म्हणजे शेजाऱ्याचा नंबर. आपल्याला कोणाचा फोन आला, तर शेजारी आपल्याला हाक मारून बोलावीत. गल्लीतील निम्म्या लग्नपत्रिकांवर हाच एक नंबर छापलेला असे.

माझे थोरले भाऊ १९९६ साली रियाधला गेले. ते विजेची कामे करीत. आम्ही त्यांना भाईजान म्हणतो. महिन्यातून एकदा त्यांचे पत्र येई आणि पत्राच्या शेवटी एक ओळ हमखास असे: 'अमुक तारखेच्या जुम्याला, तुमच्याकडे रात्रीचे नऊ वाजतील तेव्हा फोन करीन.' तो जुमा उजाडला की अम्मी सकाळपासूनच गप्प गप्प असायच्या. मगरिबची नमाज झाली की त्या धुतलेली ओढणी घेऊन दुकानाच्या पायरीवर जाऊन बसत. दुकानदार काका आठ वाजता दुकान बंद करीत. पण त्या दिवशी फळीचा एक दरवाजा उघडा ठेवून ते हिशेब लिहीत बसत. फोनच्या निरोपाबद्दल त्यांनी कधी एक पैसाही घेतला नाही.

फोन तीन मिनिटांचा असे. तिकडे भाईजान टेलिफोनच्या केबिनमध्ये घड्याळाकडे पाहत उभे असत. एका मिनिटाला माझ्या एका दिवसाच्या जेवणाचे पैसे जातात, असे ते सांगत. पहिले मिनिट अब्बांचे.

"खैरियत?"

"सगळी खैरियत आहे. तुझी तब्येत?"

"चांगली आहे. पैसे मिळाले?"

"मिळाले."

मग अब्बा घाईघाईने रिसीव्हर अम्मींच्या हातात देत. आणि अम्मी! आठ दिवस काय काय बोलायचे ते मनाशी घोकलेले असे. पण भाईजानचा आवाज ऐकताच त्यांना रडू फुटे. तिकडून भाईजान म्हणत, "अम्मी, बोला ना! मीटर चालू आहे." मीटर हा शब्द ऐकला की अम्मींना आणखीच रडू येई. शेवटचे अर्धे मिनिट माझे. मी इतका गोंधळून जाई, की परीक्षेचे गुण सांगून रिसीव्हर परत देई.

एका पावसाळ्यात अम्मी अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरून पडल्या आणि त्यांचा उजवा हात मोडला. दीड महिना हात प्लॅस्टरमध्ये होता. त्या दीड महिन्यात भाईजानचे दोन फोन आले. दोन्ही वेळा अम्मींनी डाव्या हाताने रिसीव्हर धरला आणि म्हणाल्या, "सगळे ठीक आहे, बेटा." मला हे मुळीच आवडले नाही. घरी आल्यावर मी विचारले, "अम्मी, तुम्ही खोटे का बोललात?"

अम्मी म्हणाल्या, "हात मोडला, हे सांगायला एक क्षण लागतो. तो आता बरा होत आहे, दुखत नाही, जेवायला तुझी बहीण भरवते, हे सगळे सांगायला वेळ लागतो. पहिले सांगितले आणि फोन तुटला, तर तो पुढचे पत्र मिळेपर्यंत झोपेल का?"

त्या वेळी मला ते पटले नव्हते. पुढे कित्येक वर्षांनी भाईजानने सांगितले, की त्याच वर्षी त्यांना कावीळ झाली होती आणि ते महिनाभर खोलीत पडून होते. त्यांनीही फोनवर 'चांगली आहे' असेच सांगितले होते. म्हणजे दोन्हीकडून तीन तीन मिनिटे खैरियत सांगितली जात होती आणि खरी हकीकत मात्र दोन्हीकडे शिल्लक राहत होती.

मुलांनो, तुम्ही विचाराल, की एका मिनिटाला एवढे पैसे का पडत? रियाध फार दूर आहे म्हणून? नाही. दूरपणा हे त्याचे थोडेसेच कारण होते. खरे कारण आवाज कोणत्या रीतीने पाठविला जातो, हे होते.

समजा, तुम्हाला भोकरहून मुंबईला जायचे आहे. तुम्ही दोघेच आहात. पण तुमच्यासाठी एस. टी.ची एक पूर्ण गाडी राखून ठेवली. बाकीच्या सगळ्या जागा रिकाम्या. तुम्ही वाटेत झोपा, गप्प बसा किंवा गप्पा मारा, भाडे पूर्ण गाडीचेच द्यावे लागेल. जुन्या पद्धतीच्या टेलिफोनचे असेच होते. रियाध ते भोकर एक वाट फोन चालू असेपर्यंत फक्त त्या दोन माणसांसाठी अडवून ठेवलेली असे. अम्मी रडत असताना त्या वाटेवरून एकही शब्द जात नव्हता, तरी मीटर पळतच होते.

शिवाय या वाटा थोड्या होत्या. मुंबईहून एडनमार्गे सुएझपर्यंत समुद्राखालून तारायंत्राची केबल १८७० सालीच टाकली गेली होती. पण तिच्यातून माणसाचा आवाज जात नसे, फक्त तारेची खूण जाई, आणि तारेचे पैसे शब्द मोजून घेत. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे १८८२ साली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली, ती शहरातल्या शहरात बोलण्यासाठी. परदेशी बोलण्यासाठी पुढे बिनतारी यंत्रणा आली, मग उपग्रह आले. आपल्या पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे उपग्रहाशी संपर्क साधणारे केंद्र १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस उभे राहिले. हे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. आवाज वर जाऊन खाली यायला जवळजवळ पाव सेकंद लागतो. म्हणून त्या काळी परदेशच्या फोनवर 'हॅलो' म्हटल्यावर थोडे थांबावे लागे. ज्यांना हे ठाऊक नसे, ते दोघेही एकदम बोलत आणि दोघेही एकदम थांबत.

वाटा थोड्या आणि त्यांचे मालकही थोडे. भारतातून परदेशी जाणारे सर्व फोन १ एप्रिल १९८६ पासून विदेश संचार निगम या एकाच सरकारी कंपनीमार्फत जात. परदेशात फोन उचलून देणाऱ्या कंपनीला त्यातील वाटा द्यावा लागे. या व्यवहारातून अनेक देशांना चांगली मिळकत होई. त्यामुळे दर खाली आणण्याची घाई त्यांना नव्हती.

आता इंटरनेटची रीत पाहू. एक लांबलचक पत्र तुम्हाला पाठवायचे आहे. पण एका मोठ्या पाकिटाऐवजी तुम्ही ते शंभर पोस्टकार्डांवर लिहिले. प्रत्येक कार्डावर पत्ता घातला आणि १, २, ३ असे क्रमांक टाकले. ही कार्डे एकाच गाडीने जाण्याची गरज नाही. जिथे जागा मिळेल, तिथून ती जातील. कोणी नांदेडमार्गे जाईल, कोणी आदिलाबादमार्गे. पोहोचल्यावर घेणारा क्रमांक पाहून ती पुन्हा ओळीने लावील. इंटरनेटवर आवाज असाच जातो. फोनमधील यंत्र आपला आवाज दर सेकंदाला हजारो वेळा मोजते. त्या मोजणीचे आकडे होतात. आकड्यांची लहान लहान पुडकी बांधली जातात. साधारणपणे एका सेकंदात अशी पन्नास पुडकी निघतात. प्रत्येक पुडक्यावर पत्ता आणि क्रमांक असतो. ही पुडकी दुसऱ्यांची पत्रे, चित्रे, हिशेब यांच्या पुडक्यांबरोबर एकाच केबलमधून धावतात. पूर्ण गाडी अडवून ठेवण्याचा प्रश्नच राहत नाही. तुम्ही गप्प बसलात, तर तुमची जागा दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

मात्र यात एक अडचण आहे. पोस्टकार्ड उशिरा आले तरी वाचता येते. आवाजाचे पुडके उशिरा आले तर ते टाकूनच द्यावे लागते, कारण बोलणे तोवर पुढे गेलेले असते. म्हणूनच कधी कधी इंटरनेटवरील फोनमध्ये आवाज तुटतो, एखादा शब्द अर्धाच ऐकू येतो. एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूस सेकंदाच्या सातव्या भागाच्या आत पोहोचला, तर आपल्याला उशीर जाणवत नाही. त्यापेक्षा उशीर होऊ लागला, की पुन्हा जुना गोंधळ: दोघे एकदम बोलतात आणि दोघे एकदम थांबतात.

इंटरनेटवरून बोलण्याचे साधन एका इस्रायली कंपनीने १९९५ साली बाजारात आणले. योगायोग असा, की भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झाले तेही १९९५ सालीच, १५ ऑगस्टला. पण इंटरनेटवरून बोलण्यास आपल्याकडे परवानगी नव्हती. ती १ एप्रिल २००२ पासून मिळाली. त्याच दिवसापासून परदेशी फोनचे काम विदेश संचार निगमाशिवाय इतर कंपन्यांनाही खुले झाले. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्या, आणि मला वाटते, गल्फमधील कामगारांच्या घरांत त्या दिवशी सण साजरा व्हायला हवा होता! पण आमच्या भोकरला ते कोणाच्या ध्यानीही आले नाही. आमच्याकडे तेव्हा संगणकच नव्हता.

पुढच्या वर्षी मी नांदेडला शिकत असताना एका सायबर कॅफेत पहिल्यांदा हा प्रयोग पाहिला. एक मुलगा कानाला हेडफोन लावून परदेशातील आपल्या मामांशी बोलत होता. बोलत कसला, ओरडत होता! "मामू, आवाज येतो का?" एवढेच वाक्य त्याने दहा वेळा म्हटले असेल. अर्ध्या तासाचे भाडे भरून तो उठला, तेव्हा त्याचा चेहरा मात्र फुललेला होता. मामूंनी त्याला ओळखले होते, आणि रियाल, डॉलर काहीही न मोजता.

भाईजान २००४ साली कायमचे परत आले आणि भोकरमध्ये त्यांनी विजेच्या सामानाचे दुकान टाकले. त्यानंतर साधने झपाट्याने बदलली. २००३ साली निघालेले स्काइप घराघरांत पोचले आणि मे २०२५ मध्ये बंदही झाले. व्हॉट्सॲपवर २०१५ साली बोलता येऊ लागले आणि २०१६ च्या अखेरीस समोरच्याचा चेहराही दिसू लागला. काही देशांनी मात्र या सोयीला दरवाजा उघडला नाही. सौदी अरबस्तानने नियमांत बसणाऱ्या ॲपवरची बंदी सप्टेंबर २०१७ मध्ये उठविली. संयुक्त अरब अमिरातीत परवाना असलेल्या ॲपवरूनच असे फोन करता येतात. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ चार दिवस दुबईला गेले होते. त्यांनी नेहमीच्या ॲपवरून घरी फोन लावला. घंटी वाजली, बायकोने उचलला. पण आवाज काही येईना. दोन दिवस घरचे घाबरून गेले. जाण्यापूर्वी त्या देशात कोणते ॲप चालते, हे विचारून ते दोन्हीकडच्या फोनमध्ये घालून ठेवले असते, तर ही वेळ आली नसती. याच गृहस्थांनी भारतातील सिमकार्डाचे डेटा रोमिंग बंद केले नव्हते. आवाज तर आला नाहीच. बिल मात्र आले!

२०१९ साली अब्बा आणि अम्मी हजला गेले. ज्या अम्मी दुकानाच्या पायरीवर बसून फोनची वाट पाहत, त्याच आता परदेशातून आम्हाला फोन करणार होत्या. भाईजानच्या मुलाने आठ दिवस आधीपासून त्यांची शिकवणी सुरू केली. अम्मींना मराठी वाचता येत नाही. उर्दू येते, पण फोनवरची बारीक अक्षरे दिसत नाहीत. म्हणून त्याने प्रत्येक नावापुढे फोटो लावला. "दादी, हा अब्बूंचा फोटो. याच्यावर बोट ठेवायचे. मग हे हिरवे चिन्ह." अम्मींनी पहिल्या दिवशी चुकून दुकानातल्या नोकराला चार वेळा फोन लावला. नातवाने आणखीही दोन गोष्टी पढविल्या. अनोळखी नंबरवरून कोणी 'तुमचा मुलगा अडचणीत आहे, पैसे पाठवा' असे सांगितले, तर फोन बंद करून स्वतः घरी फोन लावायचा. आणि कोणी फोनवर आलेला ओटीपी विचारला, तर मुळीच सांगायचा नाही. अम्मी म्हणाल्या, "मला तो वाचताच येत नाही, सांगणार कशी?"

मक्केहून पहिला फोन रात्री एक वाजता आला. आम्ही सगळे दचकून उठलो. अवेळी फोन म्हणजे वाईट बातमी, ही जुनी भीती अजून घरातून गेलेली नव्हती. भाईजानने थरथरत्या हाताने फोन घेतला. पडद्यावर अम्मी हसत होत्या.

"अरे, झोपलात का? इथे तर आत्ता साडेदहाच वाजले आहेत!"

सौदी अरबस्तानचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. नातवाने सगळे पढविले; पण घड्याळ शिकवायचे तो विसरला होता.

त्यानंतर रोज फोन येऊ लागला. पण अरफातच्या दिवशी, १० ऑगस्टला, सकाळपासून फोन नाही. आम्ही लावला तर लागत नाही. त्या वर्षी सुमारे पंचवीस लाख यात्रेकरू होते आणि ते सर्व एकाच मैदानात जमलेले. जवळच्या मोबाइल टॉवरवर इतक्या माणसांचा भार पडला, की पुडक्यांना वाट मिळेना. आम्ही दिवसभर कशातच लक्ष लावू शकलो नाही. रात्री अकरा वाजता भाईजानच्या फोनवर एक ध्वनिसंदेश आला. 'आम्ही दोघे ठीक आहोत. अब्बांनी जेवण केले.' अम्मींनी तो दुपारीच बोलून ठेवला होता! फोन लागेना, तेव्हा सोबतच्या एका बाईंनी त्यांना तसे सुचविले. बोलणे थांबू शकत नाही. संदेश मात्र वाट मोकळी होईपर्यंत दाराशी थांबतो. मिळेल तेव्हा जातो. गर्दीच्या ठिकाणी हीच रीत बरी, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

पुढच्या आठवड्यात माझ्या पुतणीला ताप आला. डॉक्टरांनी रक्त तपासून डेंग्यू सांगितला. आम्ही सर्वांनी ठरविले, की अम्मींना कळू द्यायचे नाही. त्या तिकडे उगीच काळजी करतील. संध्याकाळी फोन आला. भाईजान म्हणाले, "इकडे सगळी खैरियत आहे, अम्मी." पण आता फोनमध्ये नुसता आवाज नव्हता, सगळे घरच दिसत होते. अम्मी म्हणाल्या, "फोन जरा उजवीकडे कर. ती कोपऱ्यात का झोपली आहे? या वेळी?"

भाईजान गप्प.

"काय झाले ते पूर्ण सांग. आज मीटर नाही."

मग भाईजानने सगळे सांगितले. ताप केव्हा आला, डॉक्टर काय म्हणाले, रक्ताचा अहवाल कसा आहे, ती किती पाणी पिते. अम्मींनी मध्येच पंचवीस प्रश्न विचारले. पुतणीने पडल्या पडल्या हात हलविला. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. अम्मी रडल्या नाहीत. "आता मी दुआ करते," त्या म्हणाल्या. "काय झाले ते ठाऊक असले, म्हणजे दुआ नीट करता येते."

पुतणी आठ दिवसांत बरी झाली. परत निघण्याच्या आदल्या दिवशी अम्मींनी हरमच्या अंगणातून फोन लावला. म्हणाल्या, "आज काही बोलायचे नाही. नुसते ऐका." त्यांनी फोन मांडीवर ठेवला. पडद्यावर काहीच दिसत नव्हते, ओढणीचा एक पांढरा कोपरा तेवढा दिसत होता. माणसांच्या पावलांचा आवाज येत होता. कोठेतरी एक लहान मूल हसले. मग अजान सुरू झाली.

आम्ही सगळे दुकानात उभे होतो. एक गिऱ्हाईक बल्ब घ्यायला आले होते, तेही उभे राहिले. आठ वर्षे त्याच मुलखात राहून तीन तीन मिनिटे मोजलेले भाईजान मान खाली घालून ऐकत होते. मध्येच सवयीने त्यांची नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली. त्यांनी घड्याळ काढले आणि खिशात ठेवले.

स्वाध्याय

१. अम्मींनी हात मोडल्याचे भाईजानना का सांगितले नाही? त्यांचे म्हणणे तुम्हाला पटते का? चार-पाच वाक्यांत लिहा.

२. एस. टी.ची पूर्ण गाडी आणि क्रमांक घातलेली पोस्टकार्डे, या दोन उदाहरणांतून लेखकाने काय समजावून सांगितले आहे ते तुमच्या शब्दांत लिहा.

३. भोकरमध्ये सकाळचे सात वाजले असतील, तर मक्केत किती वाजले असतील?

४. तुमच्या गल्लीतील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला पी. पी. नंबराविषयी विचारा. त्यांनी सांगितलेली आठवण मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.